खर्जाचा ताण

मिरजेतले शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारी-कट्यारींचं गिऱ्हाईक संपत आलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. साल साधारण १८५०. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. दरबारात गवई येत, त्यांच्याबरोबर उत्तरेकडचे तंबोरे आणि सतारी येत, आणि प्रवासात काही मोडलं की दुरुस्त करणारा माणूस इथे सापडत नसे. फरीदसाहेबांनी आधी दुरुस्ती केली, मग स्वतःचा तंबोरा उभा केला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचं लाकूड, पोलादाची आणि पितळेची तार, एवढ्या सामानावर त्या गावात एक अख्खा धंदा वसला. सतारमेकर हे आडनाव झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

मला लिहायचं आहे ते सात आणि आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारबद्दल, तिच्या तारांच्या ताणाबद्दल आणि तो ताण ठरवताना वादकांनी केलेल्या निवडींबद्दल. तरी सुरुवात मिरजेतून करायला हवी. सूर खाली न्यायचा तर तार किती लांब, किती जाड आणि किती ताणलेली असावी, हा प्रश्न तिथल्या कारखान्यांत पिढ्यानपिढ्या हाताने सोडवला गेला आहे. गिटारवाल्यांना त्याची उत्तरं विसाव्या शतकात पुन्हा नव्याने शोधावी लागली, आणि त्यातली काही अजून पुरती सापडलेली नाहीत.

तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची खर्जाची. गवई काळी एक या पट्टीत गात असेल तर या तारेला सेकंदाला सुमारे ६९ कंपनं होतात. नेहमीच्या सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ कंपनं करते. सात तारांच्या गिटारची सातवी तार ६२. म्हणजे मिरजेच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज या दोन तारांच्या मधोमध पडतो. गिटार ज्या प्रदेशात उतरायला १९९० साल उजाडलं असं मानलं जातं, त्या प्रदेशात आपला तंबोरा केव्हाचाच नांदत होता.

तारेचं गणित फ्रान्समधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली मांडलं. तारेची लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. ताण चौथा हिस्सा केला तरी तेवढाच खाली जातो. आणि लांबी-ताण तसेच ठेवून तारेचं वजन चौपट केलं तरी तेच होतं. सूर खाली नेण्याच्या एवढ्या तीनच वाटा. प्रत्येक वाटेची किंमत मात्र वेगळी. ताण सोडला की तार लुळी पडते आणि खाली घासते. वजन वाढवण्यासाठी तार जाड केली की ती दांडक्यासारखी ताठ होते, तिचे वरचे स्वर जागेवरून सरकतात आणि आवाज बोदा येतो. लांबी वाढवली तर सूर सर्वांत स्वच्छ राहतो, पण वाद्य मोठं होतं आणि हात पुरेनासा होतो.

तंबोऱ्याच्या तारेवर बोटं दाबायची नसतात, त्यामुळे हात पुरण्याची अडचणच नाही. मिरजेच्या कारागिरांनी म्हणून लांबीची वाट पत्करली. मर्दानी तंबोऱ्यात घोडीपासून दांडीच्या वरच्या टोकाच्या मेरूपर्यंत तार जवळजवळ मीटरभर सुटी असते. खर्जासाठी पितळ वापरतात, कारण ते पोलादापेक्षा जड आणि मऊ. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची पितळी तार धरून हिशेब केला तर काळी एकच्या खर्जावर तीन ते सात किलोंच्या दरम्यान ताण येतो. बाईंच्या गाण्यासाठी तोच तंबोरा काळी चारपर्यंत चढवायचा म्हटलं तर खर्ज १०४ कंपनांवर जातो आणि त्याच तारेवरचा ताण सव्वादोन पट होतो. म्हणून जनानी तंबोरा वेगळा बांधतात, आखूड दांडीचा आणि बारीक तारांचा. पट्टी बदलली की वाद्याचं मापच बदलायचं, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. गिटारच्या कारखान्यांनी बरीच वर्षं एकच माप पकडून ठेवलं आणि सगळा भार तारेच्या जाडीवर टाकला.

याच मुलखात तारेचा अभ्यास कागदावरही झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सांगलीत राहत. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून, त्यांचे स्वर तारेवर जुळवून आणि तारेच्या लांब्या मोजून देवलांनी श्रुतींचा हिशेब मांडला. त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात छापलं गेलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले, आणि त्या मोजमापांवर एक श्रुतिपेटीही तयार झाली. देवलांच्या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाले. तरी गवयाच्या गळ्यातला सूर तारेच्या लांबीने मोजून पाहण्याची हिंमत सांगली-मिरजेच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केली होती, याचा मला अभिमान आहे.

मग १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर निबंध लिहिला. पाश्चात्त्य वाद्यांत तार एका धारदार कडेवर टेकते. आपल्याकडे ती रुंद, किंचित बाक असलेल्या घोडीवर पसरते आणि प्रत्येक हेलकाव्यात त्या पृष्ठभागाला हलकेच चाटत राहते. जवारी लावणं म्हणजे हा बाक कानसीने आणि सुताच्या दोऱ्याने नेमका जुळवणं. रामन यांनी दाखवून दिलं की या रचनेत तार छेडताना जे वरचे स्वर निघायलाच नकोत, तेही ठसठशीत ऐकू येतात. खर्जाची तार म्हणूनच घुमत बसत नाही. तिच्यातून पंचम निघतो, गांधार निघतो, आणि ६९ कंपनांचा मूळ सूर कानाला अर्धा त्या वरच्या स्वरांवरूनच कळतो. खोल सूर ऐकू यायचा तर त्याच्या डोक्यावर स्वरांची गर्दी हवी. हे पुढे गिटारच्या बाबतीत तंतोतंत उपयोगी पडणार आहे.

सतारीतही खर्जाचा प्रश्न उभा राहिला आणि तिथे दोन मोठ्या वादकांनी परस्परविरुद्ध उत्तरं दिली. रविशंकरांनी खर्ज आणि त्यावरचा पंचम, अशा दोन जाड तारा राखल्या आणि सुरबहारच्या खोलीचा आलाप सतारीवर आणला. विलायत खाँसाहेबांनी त्या दोन्ही काढून टाकल्या. त्यांना बाजाची तार ओढून गळ्यासारखी मींड काढायची होती. खाली जाण्यापेक्षा एकाच पडद्यावर चार-पाच स्वर ओढता येणं त्यांना मोलाचं वाटलं. बाजाची तार साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची पोलादी, आणि सतारीच्या लांबीवर तिचा ताण सहा किलोंच्या आसपास येतो. मिरजेत आजही खर्ज-पंचम आणि गांधार-पंचम अशा दोन्ही घाटांच्या सतारी बनतात. गिऱ्हाईक कोणत्या घराचं वाजवतं हे विचारल्याशिवाय कारागीर दांडीला हात लावत नाही.

आता गिटार. लाकडी, पोकळ पोटाच्या गिटारला आवाज यायचा तर तारेने वरची फळी हलवली पाहिजे, आणि त्यासाठी तार घट्ट ताणलेली हवी. सैल तारेत तेवढी ताकद नसते. अमेरिकेत जॉर्ज बोशँप याने १९३१-३२च्या सुमारास तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं आणि हे बंधन तुटलं. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि आवाज वाढवायचं काम यंत्र करतं. ती पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवायची, हवाई बेटांच्या धर्तीची होती. आपल्याकडच्या गायनातही त्याच काळात तसंच काही घडत होतं. ध्वनिक्षेपक नव्हता तोवर संगीत नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणजे उंच पट्टीत गावं लागे. माइक आला आणि पुरुषांची पट्टी सावकाश उतरू लागली. आवाजाची ताकद गळ्यातून आणि तारेतून काढून विजेकडे सोपवली, तेव्हाच दोन्हीकडे सुराला खाली बसायची मुभा मिळाली. सात-आठ तारांच्या गिटारचा सगळा इतिहास मला याच एका घटनेचा पुढचा भाग वाटतो.

हवाई गिटार भारतात लवकर रुजली. हवाईचे वादक इथे येऊन गेले, टाऊ मो यांचं कुटुंब चाळीसच्या दशकात कोलकात्यात राहिलं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले व्हायोलिनबरोबर विजेची गिटार वाजवत, आणि त्यांच्या गिटारला आठ तारा होत्या. ती त्यांनी स्वतःच आखून घेतली होती. पाश्चात्त्य रॉकमध्ये आठ तारांची गिटार आली त्याच्या कितीतरी आधी मुंबईत ती होती, पण तिचा हेतू वेगळा. सुरावट वाजवताना षड्ज वाजता ठेवायचा, सतारीच्या चिकारीसारखा झंकार मिळवायचा. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर राग उभा केला आणि १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मधून ती घरोघर पोचली. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेत तर तरफा धरून वीस तारा आहेत. या परंपरेत तारा वाढल्या त्या रुंदीसाठी. खोलीसाठी तारा वाढवण्याचं काम दुसरीकडे झालं.

ते पहिल्यांदा केलं जॅझवाल्यांनी. जॉर्ज व्हॅन एप्स याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार करून घेतली आणि सातवी तार ५५ कंपनांवर लावली. एकट्याने बास आणि साथ दोन्ही सांभाळता यावी एवढाच त्याचा उद्देश. लेनी ब्रो याने उलट वरच्या बाजूला एक तार वाढवली, आणि तिथे पोलादाची मर्यादा आडवी येते. गिटारच्या साडेपंचवीस इंच लांबीवर साधी पोलादी तार ४४० कंपनांपर्यंत चढवली की ती तुटण्याच्या बेतात येते, आणि बारीक किंवा जाड तार घेऊन फरक पडत नाही. जाड तार जास्त ताण सोसते, पण त्याच प्रमाणात तिला जास्त ताण लागतोही. उपाय एकच, लांबी कमी करणं. जनानी तंबोरा आखूड का, याचं उत्तर इथेही तेच आहे.

खालच्या बाजूला मात्र वाट उघडी होती, आणि तिच्यावर पहिलं ठाम पाऊल पडलं ते एका अपघातामुळे. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सापडली आणि त्यांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पुण्याच्या हडपसर-मुंढव्याच्या कारखान्यांत प्रेस चालवणाऱ्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांना चामडं लावलं. तरी नेहमीच्या जाड तारा दाबताना वेदना होत. त्या काळी हलक्या तारांचा संच दुकानात मिळत नसे, म्हणून त्याने बँजोच्या तारा चढवल्या. पुढे त्याने सगळी गिटारच दीड स्वर खाली उतरवली. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडच्या ध्वनिमुद्रिकेत ही उतरलेली गिटार ऐकू येते.

दीड स्वर खाली म्हणजे ८२ कंपनांवरून ६९वर. काळी एकचा खर्ज. ताण यात तीस टक्क्यांनी उतरतो. आजच्या नेहमीच्या संचातली, इंचाच्या हजाराव्या भागांत ४६ मापाची जाड तार घेतली तर आठ किलोंच्या जवळचा ताण साडेपाच किलोंवर येतो. एवढ्या सैल तारेतून पोकळ गिटारचा आवाज निघालाच नसता. आयोमीचा निघाला, कारण त्याच्या मागे अ‍ॅम्प्लिफायर होता आणि तो क्षमतेपलीकडे चालवून आवाज फाडलेला होता. या फाडण्याने, म्हणजे डिस्टॉर्शनने, मूळ सुराच्या डोक्यावर वरच्या स्वरांची रास उभी राहते. घोडीचा बाक तंबोऱ्यात जे करतो तेच इथे अ‍ॅम्प्लिफायरमधल्या विजेच्या नळ्यांनी केलं. पद्धतीत काही साम्य नाही, पण कानाला हवं होतं ते दोघांनी एकच पुरवलं.

पुढची वीस वर्षं बहुतेकांनी सहाच तारा सैल करून काम चालवलं. १९९०मध्ये आयबानेझ या जपानी कंपनीने स्टीव्ह व्हाय या वादकासाठी घडवलेली ‘युनिव्हर्स’ बाजारात आणली. तिला सात तारा होत्या, सातवी ६२ कंपनांवर. लांबी मात्र तीच, साडेपंचवीस इंच. व्हाय याला ती वाद्याचा पल्ला रुंद करायला हवी होती. तिचा खरा उपयोग केला कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या कॉर्न या बँडने. त्यांनी १९९४च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत हीच गिटार आणखी एक स्वर उतरवली, सातवी तार ५५ कंपनांवर आणली, आणि वरच्या तारांवर सफाईदार बोटं फिरवण्याऐवजी खालच्या तारांच्या घरघरीवर गाणी बांधली. व्हॅन एप्सचा तोच ५५चा सूर. पण त्याच्याकडे तो साथीला होता, इथे तो पुढे येऊन उभा राहिला.

सातव्या तारेसाठी ५९ किंवा ६० मापाची तार लावली की साडेपंचवीस इंचांवर ६२ कंपनांना सात-साडेसात किलो ताण मिळतो. हे चालून जातं. त्याऐवजी नेहमीची ४६ मापाची तारच तिथपर्यंत सैल केली तर ताण साडेचार किलोंवर येतो. अशी तार जोरात छेडली की क्षणभर सूर वर उडतो, मग जागेवर बसतो. मोकळ्या तारेवर तो फरक एकटा वाजवताना सुसह्य असतो. दोन गिटार एकत्र वाजल्या की प्रत्येक आघाताला सूर फाटतो.

आठव्या तारेने हा हिशेब मोडकळीला आणला. स्वीडनमधल्या उमेओ गावच्या मेशुगा या बँडला ४४ कंपनांपर्यंत जायचं होतं. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१वर असते, म्हणजे गिटार आता बासला जवळजवळ येऊन भिडणार. त्यांनी ‘नथिंग’ या ध्वनिमुद्रिकेसाठी एका कारागिराकडून आठ तारांच्या गिटार करून घेतल्या, पण त्या वेळेवर भरवशाच्या निघाल्या नाहीत. २००२ साली ‘नथिंग’ आली ती सात तारांच्या गिटार सैल करून वाजवलेली. बँडला ते पटलं नव्हतं. पुरेशा लांब दांडीच्या आठ-तारी गिटार हातात आल्यावर त्यांनी गिटारचे भाग नव्याने वाजवले आणि २००६मध्ये तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली. ताणाच्या प्रश्नावर एखाद्या बँडने अख्खं काम दुसऱ्यांदा करणं मला विलक्षण वाटतं. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या की सैल तार आणि लांब तार यांच्यातला फरक कुणी शिकवायला लागत नाही.

२००७मध्ये आयबानेझने आठ तारांची आरजी २२२८ कारखान्यातून काढली. लांबी २७ इंच. हा दीड इंच फार दिसत नाही, पण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच तारेला त्याच सुरावर बारा टक्के जास्त ताण मिळतो. मेशुगाच्या नावाने पुढे निघालेल्या गिटारची लांबी २९.४ इंच. राल्फ नोव्हॅक याने तर १९८९मध्येच वेगळा मार्ग दाखवून पेटंट घेतलं होतं. त्यात पडदे तिरपे, पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले, त्यामुळे जाड तारा लांब आणि बारीक तारा आखूड. तुटायची भीती असलेली वरची तार आखूड ठेवायची आणि लुळी पडणारी खालची लांब करायची. युरोपात सोळाव्या शतकातल्या काही वाद्यांना असे तिरपे पडदे होते. नोव्हॅकच्या कल्पनेला कारखान्यांनी मनावर घ्यायला मात्र वीस-पंचवीस वर्षं लावली, आणि आज आठ तारांच्या गिटारमध्ये तीच रचना सर्रास दिसते.

आता हा आवाज आपल्याकडे कुठे ऐकला गेला ते पाहू. मिरजेहून पुण्याला येणारी गाडी शहरात शिरण्याआधी सासवड रोड स्टेशन ओलांडते. हडपसर तिथून जवळ. गाडीतळ, भाजीचा बाजार, सोलापूर रस्ता, औद्योगिक वसाहत, सीरमचा कारखाना ही जुनी ओळख. २००० सालानंतर तिच्यावर दुसरी चढली. मगर आडनावाच्या आणि इतर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून टाकण्याऐवजी एकत्र केल्या आणि सुमारे ४०० एकरांवर मगरपट्टा सिटी उभी केली. शेजारी अमनोरा आलं. संगणक कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर पंचविशीतली, दर महिन्याला पगार हातात येणारी मुलं-मुली आली. एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० साली पुण्यात सुरू झाला आणि पुढल्या काही वर्षी तो अमनोरा पार्क टाउनमध्ये भरला. एकाच वेळी अनेक मंच, त्यातला एक जड रॉक आणि मेटलचा. भयानक मौत, स्क्राइब अशा मुंबईच्या बँडनी या संगीताला महाराष्ट्रात कान तयार करून दिले होते. हडपसरच्या मैदानावर ते कान हजारोंनी जमले.

अशा मंचावर ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस पहिलं काम कोणतं करतो? गिटारच्या आवाजातला ८०-१०० कंपनांखालचा भाग कापून टाकतो. तो भाग बास गिटारला आणि पायाने वाजवायच्या ड्रमला राखून ठेवायचा असतो, नाहीतर सगळा चिखल होतो. म्हणजे आठव्या तारेचा ४६ किंवा ४४ कंपनांचा मूळ सूर मैदानावर गिटारमधून जवळजवळ जातच नाही. जातात ते त्याचे वरचे स्वर, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर स्वतः उभा करतो. म्हणूनच तारेचा ताण आणि ताठपणा इतका महत्त्वाचा. आखूड लांबीवर फार जाड तार लावली की हे वरचे स्वर नेमक्या पटीत येत नाहीत, थोडे चढे येतात. मूळ सूर कापलेला, आणि त्याचे साक्षीदार बेसूर. मग श्रोत्याला सूर लागत नाही, नुसता धक्का लागतो.

२०१०नंतरच्या त्या दशकात पुण्यातल्या नवशिक्या वादकासमोर असलेली निवड यातूनच समजते. सात-तारी गिटार सहसा साडेपंचवीस इंचांची आणि स्वस्त, २७ इंचांची आठ-तारी महाग. सुट्या जाड तारा दुकानात नेहमी नसत, संच मागवावा लागे. मग बरेच जण सहा तारांच्या गिटारवरच ५६ किंवा ६० मापाची तार चढवून ती खाली उतरवत. हे करताना मेरूची खाच कानसीने रुंद करावी लागते, नाहीतर जाड तार वरच बसते. दांडीतली लोखंडी सळई फिरवून बाक पुन्हा जुळवावा लागतो. सहा तारांच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण सत्तेचाळीस किलोंच्या आसपास, सात-आठ तारांवर तो पन्नास-साठ किलोंपर्यंत जातो, आणि पुण्याच्या जून-जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगलं की बाक पुन्हा हलतो. त्यातून घोडीवरचा जाड तारेचा आधार मागे सरकवून सरकवून संपतो, तरी बाराव्या पडद्यावरचा सूर चढाच राहतो, कारण ताठ तारेला हवी तेवढी लांबी त्या गिटारवर नसतेच.

माझं मत सरळ आहे. आधी सूर ठरवावा, मग ताण, मग लांबी, आणि जाडी सर्वांत शेवटी. गिटारच्या बाजारात हा क्रम वर्षानुवर्षं उलटा राहिला. हातात आहे त्या लांबीवर जाडीने भागवायचं, मग ताण पडेल तो पडेल आणि सूर लागेल तिथे लागेल. सात किलो ताण सगळ्यांना सारखाच मानवतो असंही नाही. डाव्या हाताने तार ओढणाऱ्याला विलायत खाँसाहेबांसारखी मोकळी तार हवी असते, उजव्या हाताने ताल कापणाऱ्याला घट्ट. मेटलच्या ठोक्यात उजवा तळहात तार दाबून धरतो, तिथे साडेचार किलोंची तार हाताखाली विरघळते आणि आठ किलोंची तार घड्याळासारखी परत उसळते. कुणाला काय हवं हे त्याच्या वाजवण्यावरून ठरतं. मिरजेचा कारागीर तो प्रश्न विचारूनच काम सुरू करतो. तिरप्या पडद्यांची गिटार घेणारा वादक आता तोच प्रश्न स्वतःला विचारतो आहे. सर्वांत खालच्या तारेला २७ इंच, २८ इंच की त्याहून जास्त, आणि वरच्या तारेला साडेपंचवीस की त्याहूनही कमी, हे आकडे घेताना त्याला आपला सूर आणि आपला हात दोन्ही मोजावे लागतात. २९.४ इंचांची मेशुगाची गिटार सतारीच्या पस्तीस इंचांच्या बाजूला सरकलेली आहे. त्यापुढे बोटं पुरत नाहीत, आणि बोटं न लावता फक्त खर्ज वाजवायचा असेल तर मीटरभर लांबीचं वाद्य मिरजेत तयार मिळतं.